पुणे ते कोल्हापूर, सहा दिवसांत: शरदातली संग्रहालयं आणि वाटेवरच्या नवलाईच्या जागा

पुण्याहून सकाळी निघालेली गाडी जेवायच्या वेळेला कोल्हापुरात पोचते. बहुतेक जण हा रस्ता असाच करतात. मध्ये एक चहा, एक मिसळ, चार टोलनाके. या लेखात तोच सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा टापू सहा दिवसांत कसा बघायचा ते सांगितलं आहे. नवी गाडी घेतलेल्या, नोकरीसाठी पुण्यात नव्याने आलेल्या, किंवा आजवर फक्त किल्ले आणि देवळंच केलेल्या मंडळींसाठी हा लेख आहे.

या वाटेवर मंदिरात टांगलेली, मेरीमातेची आकृती असलेली पोर्तुगीज घंटा आहे. पोटात महाल असलेली विहीर आहे. खटावच्या दुष्काळी मुलखात एका टेकडीवर हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं शिल्प आहे, आणि पंचगंगेच्या काठी सापडलेला रोमन समुद्रदेवही आहे. हे सगळं कुणीतरी जिवापाड जपलं म्हणून उरलं. कधी एकट्या माणसाने, कधी एखाद्या लहानशा संस्थानाने. बघायला मात्र फार कमी लोक येतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा सविस्तर खटाटोप.

आधी तारखा

शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. माझं मत विचाराल तर लक्ष्मीपूजन आटोपल्यावरचे दोन आठवडे, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, हा सर्वांत चांगला काळ. दिवाळीच्या मुख्य दिवसांत संग्रहालयं बंद असू शकतात, लॉज भरलेले असतात, रस्त्यावर गर्दी असते. नंतर सगळं निवांत होतं. डोंगर अजून हिरवे असतात, गवत नुकतं पिवळं पडू लागलेलं असतं, आणि कोल्हापूरकडची गुऱ्हाळं पेटलेली असतात.

या काळात दोन गोष्टी जमल्या तर जरूर साधा. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात ९, १० आणि ११ नोव्हेंबरला किरणोत्सव असतो. मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येत थेट मूर्तीपर्यंत पोचतात. आकाश स्वच्छ हवं, तरच. दुसरी गोष्ट खिद्रापूरची त्रिपुरी पौर्णिमा. तिच्याबद्दल पुढे येईलच.

दसऱ्याआधी जायचं असेल तर कास पठार जोडता येईल. फुलांचा भर ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत असतो. हंगामात तिथे ऑनलाइन नोंदणी लागते आणि रोजच्या माणसांवर मर्यादा असते. ऑक्टोबर मध्यावर आला की बहुतेक फुलं गेलेली असतात, तेव्हा फुलांच्या आशेने दिवाळीनंतर कासला जाऊ नका. नवरात्रात कोल्हापूर तुडुंब असतं. दसऱ्याचा शाही सोहळा बघायचाच असेल तर जा, पण त्या दिवसांत संग्रहालयं निवांत बघण्याचा विचार सोडून द्या.

मग वार

सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. या एका गोष्टीवर सगळा आराखडा उभा करा. मंगळवारी निघा, रविवारी परत या. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी परतायचा नेहमीचा बेत इथे चालत नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणी फोन करा. नकाशावर दाखवलेल्या वेळांवर विसंबू नका. विचारायचं एवढंच: त्या दिवशी उघडं आहे ना, दुपारी जेवणासाठी बंद ठेवता का, कुठलं दालन डागडुजीसाठी बंद आहे का, आणि फोटो काढू देता का. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या वस्तूसाठी तुम्ही एवढ्या लांब जाता ती नेमकी त्याच दालनात असते.

दिवसाची आखणी ऑक्टोबर हीट लक्षात ठेवून करा. सकाळी आणि चारनंतर विहिरी, घाट, वाडे. भर उन्हात, अकरा ते चार, संग्रहालयं. आणि एका दिवशी एकच मोठं संग्रहालय. दुसऱ्या संग्रहालयात डोळे उघडे असतात पण दिसत काही नाही.

गाडी आणि रस्ता

टायरची हवा, स्टेपनी, जॅक, ब्रेक, वायपर हे सगळं निघायच्या आधी गॅरेजमध्ये दाखवून घ्या. वायपर कशाला, असं वाटेल. पण परतीच्या पावसाची सर कधीही येते आणि घाटात पहाटे धुकं असतं. आरसी, विमा, पीयूसी फोनमध्येही ठेवा. फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे असू द्या. खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके महामार्गावर आहेत. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, औंधच्या बाजूला रेंज जाते-येते. दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा, कारण छोट्या तिकीटखिडक्यांवर मोबाइलने पैसे जातीलच असं नाही.

साताऱ्याच्या पुढे कागलपर्यंत महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम बरीच वर्षं रेंगाळलेलं आहे. कुठे डायव्हर्जन, कुठे अर्धवट पूल. त्यामुळे फोन दाखवतो त्या वेळेत तास-दीड तास मिळवूनच हिशेब करा.

अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. ही सूचना मी सगळ्यांत कळकळीने करतो. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतात, आणि कराडपासून पुढे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. बैलगाड्याही असतात. अंधारात ही ट्रॉली दिसते तेव्हा ती अगदी समोर आलेली असते. साडेपाच-सहाला मुक्कामी पोचा. या दिवसांत अंधारही लवकर पडतो.

पहिला दिवस: पुण्यातच सुरुवात, मुक्काम वाई

गाडी बाहेर काढायच्या आधी शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. पुण्यात वर्षानुवर्षं राहून न बघितलेले लोक पुष्कळ आहेत. गाडी तिथे लावायला जागा मिळणं कठीण, त्यामुळे रिक्षाने जा आणि दुपारी घरून निघा.

डॉ. दिनकर केळकरांचा चष्म्याचा व्यवसाय होता, आणि 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. साधारण १९२० पासून ते वस्तू जमवत गेले. लहान वयात गेलेला त्यांचा एकुलता एक मुलगा राजा, त्याचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं. वीस हजारांच्या आसपास वस्तू, त्यांतल्या थोड्याच एका वेळी मांडलेल्या असतात. हा सगळा संग्रह त्यांनी पुढे महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला.

इथे नवख्या माणसाने कसं बघावं? पहिली फेरी न थांबता, भरभर मारा. मग खाली येऊन एकच कपाट निवडा आणि त्यापुढे चांगला अर्धा तास काढा. माझी शिफारस अडकित्त्यांची. सुपारी कातरायचं साधं अवजार, पण कुणी त्याला पोपट केलाय, कुणी घोडा, कुणी माणसांची जोडी. शेजारी टाचा घासायच्या पितळी वज्र्या आहेत, त्यांच्या पाठीवर मोर. पाय धुवायच्या दगडावर पडून राहणाऱ्या वस्तूला मोर कशाला लागतो, हा प्रश्न मनात आला की संग्रहालय कळायला लागलं असं समजा. वर मस्तानी महाल आहे, कोथरूडच्या मूळ वास्तूतले अवशेष आणून इथे पुन्हा उभा केलेला.

दोनच्या आत पुणं सोडा. खंबाटकी घाटात नव्या बोगद्यांच्या कामामुळे वाहतूक बदलत राहते, पाट्या बघून चला. वेळ हाताशी असेल तर शिरवळच्या पुढे आत वळून नायगाव करता येतं. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले तिथे जन्मल्या. जन्मघर जपलेलं आहे आणि स्मारकही आहे. सुरूर फाट्यावरून वाई. मुक्काम तिथेच. संध्याकाळी घाटावर ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत मुद्दाम बघा. पूर आला की पाणी दुभंगून जावं म्हणून ती माशाच्या आकारासारखी निमुळती बांधलेली आहे.

दुसरा दिवस: घंटा, पुस्तकं, विहीर

सकाळी लवकर मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावरच्या एका छोट्या देवळीत ती घंटा. पंचधातूची, अंगावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि १७०७ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी फौजांबरोबर देशावर आल्या. ही त्यांतली एक. कुणी ती वितळवली नाही, आकृती घासून काढली नाही. जवळ जाऊन नीट बघा, मात्र वाजवायला जाऊ नका.

वाडा खासगी मालकीचा आहे. दार उघडं दिसलं तरी हाक मारल्याशिवाय आत शिरू नये. दाखवणारा माणूस असेल तर भित्तिचित्रं दाखवतो. त्याला वेळेचा मोबदला द्या.

मग पसरणी घाट चढून पाचगणीवरून भिलार. मे २०१७ मध्ये हे 'पुस्तकांचं गाव' म्हणून सुरू झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावातल्या घरांमध्ये, देवळात, शाळेत पुस्तकांची कपाटं आहेत. एका घरी कादंबरी, दुसऱ्या घरी इतिहास, तिसऱ्या घरी बालसाहित्य. बाहेर भिंतीवर चित्र आणि पाटी असते. आत जायचं, पुस्तक काढायचं, बसून वाचायचं. पैसे पडत नाहीत. लोकांच्या राहत्या घरात आपण बसलेलो असतो एवढं भान ठेवा. चप्पल बाहेर, आवाज हळू, मुलांना आवरा. एका घरात दोन तास वाचलं तरी भिलार झालं. सगळी घरं पालथी घालायची गरज नाही. जेवण गावातच मिळतं.

तीनच्या सुमारास परत घाट उतरून महामार्गाला लागा. साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाट्यावरून आत गेलं की बारा मोटेची विहीर. उन्हं कलताना इथे असावं.

साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या वर्षांत ती बांधून घेतली. आमराईला पाणी द्यायचं म्हणून. अष्टकोनी विहीर, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची, वरून बघितलं तर एकूण आकार शिवलिंगासारखा. पायऱ्या उतरून दारातून आत गेलात की पाण्याच्या वर, दगडी बांधणीत, चक्क महाल लागतो. खांबांवर हत्ती, घोडे, फुलं कोरलेली. भिंतीतल्या अरुंद जिन्याने वर गेलं की मोटा जोडायच्या जागा दिसतात. थेट पाण्यात डोकावणारे काठ उघडे आहेत, कठडा नाही. लहान मुलांचा हात सोडू नका, आणि शेवाळलेल्या पायरीवर सेल्फी नको. शेजारच्या शेतात गाडी लावताना शेतकऱ्याला विचारा.

मुक्काम सातारा. कंदी पेढे आत्ता घेऊ नका, सहा दिवस गाडीच्या उन्हात त्यांचं काही खरं नाही. परतताना घ्या.

तिसरा दिवस: औंध

या सगळ्या प्रवासात एकच जागा निवडायची झाली तर मी औंध निवडेन. म्हणून हा पूर्ण दिवस तिला द्या.

साताऱ्याहून औंध साधारण ४५ किलोमीटर, रहिमतपूरच्या बाजूने. पुण्याजवळच्या औंधशी याचा संबंध नाही. फोनच्या नकाशात नाव टाकताना 'औंध, खटाव' असं टाका. सकाळी निघण्याआधी साताऱ्यातलं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय घाईने उरकायचा मोह होईल. शस्त्रांची विशेष आवड असेल तरच जा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या बोलीवर आलेली वाघनखं जुलै २०२४ पासून काही महिने इथे होती. नंतर ती राज्यातल्या इतर संग्रहालयांत नेण्यात आली. सध्या कुठे आहेत ते चौकशी करून घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी इथे याल आणि विरस होईल.

औंध हे लहान संस्थान होतं. त्याचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे कट्टर प्रसारक. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिलं ते यांनीच. १९३९ मध्ये त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या घटनेनुसार राज्याचा कारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच्या आदल्या वर्षी, १९३८ मध्ये, यमाईदेवीच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत त्यांनी श्री भवानी चित्रसंग्रहालय उभं केलं. उत्पन्न तुटपुंजं, पाऊस बेताचा, आणि राजाने चित्रांसाठी इमारत बांधली.

आत राजा रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, युरोपातल्या गाजलेल्या कलाकृतींच्या प्रतिकृती आहेत. चंदनात कोरलेलं किरातार्जुनीय, म्हणजे किरातरूपातला शिव आणि अर्जुन यांचं युद्ध, आहे. आणि हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड', आई आणि मूल. एरवी असं शिल्प बघायला परदेशी मोठ्या संग्रहालयात रांग लावावी लागते. इथे बहुतेक वेळा तुम्ही आणि तेच असता. आधी लांबून बघा. मग बाजूला जा. मग मागे, जाऊ देत असतील तर. प्रत्येक ठिकाणी आईचा खांदा आणि मुलाचं डोकं यांतलं अंतर वेगळं वाटतं. चित्रातलं बाहेर येऊन तीन बाजूंनी फिरता येणं म्हणजे शिल्प, हे कुठल्याही वर्गात शिकण्यापेक्षा इथे लवकर समजतं.

रविवर्म्याच्या चित्रांपुढे उभं राहताना कॅलेंडरं विसरा. आपण सगळ्यांनी त्याची चित्रं छापील, भडक रंगांत बघितलेली असतात. मूळ तैलचित्रात साडीच्या काठावरची जर एकेका फटकाऱ्याने उमटवलेली असते. जवळून तो नुसता पिवळा-पांढरा रंग दिसतो, चार पावलं मागे सरलात की लगेच जर होते. हे मागे-पुढे करून बघाच.

राखणदार मामांशी बोला. गर्दी नसल्यामुळे त्यांनाही बोलायला आवडतं, आणि फलकावर नसलेलं बरंच काही त्यांना माहीत असतं. नोंदवहीत नाव, गाव आणि दोन ओळी लिहा. भेट देणाऱ्यांच्या नोंदी छोट्या संग्रहालयाच्या उपयोगी पडतात.

तिथून वर मूळपीठ यमाईपर्यंत चढा, निदान सभोवतालचं माळरान बघण्यासाठी. आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास औंधला शास्त्रीय संगीताचा जुना महोत्सव भरतो. तारखा जुळल्या तर रात्र तिथेच काढा, मात्र राहायची सोय आधी पक्की करा. एरवी पुसेसावळीमार्गे कराडला मुक्कामाला जा. कराडात यशवंतराव चव्हाणांचं 'विरंगुळा' हे घर जपलेलं आहे, आणि प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात.

चौथा दिवस: मिरजेचे तंबोरे, खिद्रापूरचं छत

कराडहून महामार्ग सोडून कुंडल-पलूसच्या बाजूने सांगलीकडे जा. रस्ता अरुंद आहे, पण ऊस आणि द्राक्षबागांमधून जातो. वाटेत किर्लोस्करवाडी लागते, औंधच्या राजाने दिलेल्या माळावर १९१० मध्ये वसलेली.

मिरजेत संग्रहालय बघायचं नाही, सतारमेकर गल्ली बघायची. मूळची शस्त्रं घासूनपुसून धार लावणारी शिकलगार घराणी तंतुवाद्यांकडे वळली, आणि आज देशभरातले गवई तंबोरा घ्यायला मिरजेला येतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. छताला टांगलेले पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, दाराशी लाकडाचा भुसा, आणि आत कुणीतरी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, जवारी लावत, तारेचा नाद जुळवत बसलेलं. घोडीचा पृष्ठभाग केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायची, परत घासायची. हे काम चालू असताना प्रश्न विचारू नका, कान त्यांना लागतो. हात थांबले की विचारा. खरेदी करायची नसेल तर तसं आधीच सांगावं, बघू देतात. अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत तो मीरासाहेब दर्गाही जवळच आहे.

दुपारनंतर खिद्रापूर, कृष्णाकाठी, अगदी कर्नाटकाच्या सीमेवर. कोपेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आणि मधोमध छताला गोल मोकळी जागा. त्याखाली तेवढ्याच आकाराची गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र बरोबर त्या मोकळ्या वर्तुळावर येतो, ते बघायला लोक लांबून येतात. त्या रात्री जायचं तर गर्दी गृहीत धरा, आणि मुक्काम नृसिंहवाडीला करा म्हणजे अंधारात लांब गाडी न्यावी लागणार नाही. इतर दिवशी देऊळ जवळपास रिकामं असतं. बाहेरून एक प्रदक्षिणा फक्त पायथ्याच्या हत्तींसाठी घाला. देऊळ त्यांच्या पाठीवर तोललंय असं वाटतं, आणि प्रत्येक हत्तीचे दागिने निराळे आहेत. शिवाचं देऊळ असून समोर नंदी नाही, हेही बघा. गावात त्याची कथा सांगतात. ती गावकऱ्यांकडूनच ऐका.

नृसिंहवाडीची बासुंदी खाऊन अंधारायच्या आत कोल्हापूर.

पाचवा दिवस: कोल्हापूर

सकाळी सहाला एखाद्या तालमीत जा. दारात थांबून वस्तादांना नमस्कार करा, बघू का म्हणून विचारा. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, बूट घालून पाऊल टाकायचं नाही, पैलवानांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत. मग खासबाग हे कुस्तीचं मैदान. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेलं. १९०२ च्या युरोप प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम बघितलं होतं. सर्वांत वरच्या पायरीवर बसून बघा, मधला हौदा पूर्ण दिसतो.

अकराला टाऊन हॉल. मेजर मँट या ब्रिटिश वास्तुकारांनी आखलेली, १८७० च्या दशकातली देखणी इमारत. ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात जे सापडलं, त्यासाठी इथलं संग्रहालय सुरू झालं. पोसायडन हा ग्रीक-रोमन समुद्रदेव, कांस्याचा, वीतभरही नाही. मोठ्या मूर्ती शोधत गेलात तर नजरेतून सुटेल. एक हात वर, त्रिशूळ धरल्यासारखा, पण त्रिशूळ हरवलेला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तो जहाजातून कोकण किनाऱ्याला लागला असणार, आणि कुणाच्या तरी गाठोड्यातून घाट चढून पंचगंगेकाठच्या गावात पोचला असणार. समुद्र इथून कितीतरी लांब. आपल्या बंदरांचा रोमशी असलेला व्यापार शाळेत एका ओळीत संपतो, तो इथे मुठीत मावेल एवढ्या मूर्तीत आहे. याच इमारतीत कोल्हापूरच्या चित्रकारांची कामंही आहेत. आबालाल रहमान यांचं चित्र दिसलं तर थांबा.

नवा राजवाडा, मँट यांचाच, १८८४ मध्ये पूर्ण झालेला, संध्याकाळकडे ठेवा किंवा सोडून द्या. पेंढा भरलेले वाघ-अस्वलं आणि शिकारीची आयुधं भरपूर आहेत, मुलांना आवडतात. माझ्या मते त्यापेक्षा राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय अधिक देऊन जातं. पडद्यावरचा नट निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंग किती ताकदीने करत होता, ते त्याच्याच घरात दिसतं.

रात्री गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जा. म्हैस समोर उभी, धार तुमच्यादेखत पितळी भांड्यात, फेसासकट पेला हातात. पोट नाजूक असेल तर पेला लहान घ्या.

सहावा दिवस: कणेरी, गुऱ्हाळ, परत

कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय शहराच्या दक्षिणेला, महामार्गावरून गोकुळ शिरगावच्या पुढे वळून लागतं. मोकळ्या माळावर सिमेंटचं अख्खं गाव. कुंभार, लोहार, न्हावी, मळणी, मोट, बाजार, पाटलाचा वाडा. सगळे पुतळे माणसाच्या उंचीचे. उघडायच्या वेळेलाच जा, नंतर सहलींच्या बसेस येतात. घरातलं वडीलधारं माणूस बरोबर असेल तर त्याला पुढे चालू द्या आणि तुम्ही ऐका. कुठल्या अवजाराला काय म्हणत, ते फलकापेक्षा आजी नीट सांगते.

मग गुऱ्हाळ. कोल्हापूरभोवती करवीर-पन्हाळ्याच्या बाजूला रस्त्यावरून जाताना धूर आणि उकळत्या रसाचा वास आला की गाडी बाजूला घ्या. पाटी नसते, तिकीट नसतं. चरकात पिळलेला रस मोठ्या काहिलीत, खाली चुलवाणात वाळलेल्या चिपाडांचा जाळ. रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहतात. दोन-अडीच तासांत रंग हिरवट राखाडी सोडून सोनेरी होतो. तेव्हा गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकतो, बोटांनी चाचपतो. गोळी जमली की एका हाकेत सगळे धावतात, काहील उचलून वाफ्यात ओततात. त्या क्षणी वाटेत उभं राहू नका, भाजलेला माणूस पुढचा हंगाम गमावतो. काकवी काढण्याची वेळ साधली तर वाटीभर मागा, कुणी नाही म्हणत नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मानांकन मिळालेलं आहे. ढेप इथूनच घ्या, बाजारापेक्षा कोणती ताजी ते डोळ्यांनी बघून.

अकरापर्यंत कोल्हापूर सोडा. रविवारी दुपारनंतर साताऱ्याच्या पुढे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. साताऱ्यात पेढे घ्यायला महामार्गावरच थांबा, शहरात शिरू नका. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून वाहतूक सोडलेली असेल तर बाहेर पडताच उतारावर इंग्रजी एस आकाराचं वळण आहे. तिथे वेग आधीच कमी करा.

सहा दिवस मिळत नसतील तर शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची आवृत्ती करा: पहिल्या दिवशी लिंबची विहीर आणि औंध, दुसऱ्या दिवशी मिरज आणि खिद्रापूर, तिसऱ्या दिवशी टाऊन हॉल आणि गुऱ्हाळ. नवा राजवाडा, भिलार, कणेरी गाळा. केळकर संग्रहालय पुण्यातल्या कुठल्याही मोकळ्या सकाळी होईल.